टिचकी मार, ओढू नकोस

काउबेल तळं,
२३ जून १९८६

आर्विड,

आधी सांगते, टिली बरी आहे. आता पुढचं वाच. बसून वाच.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी टिली आपल्या धक्क्यावर बसली होती, पाय पाण्यात सोडून. मी मागे कपडे वाळत घालत होते. तिची किंकाळी ऐकली आणि हातातली चादर तशीच चिखलात टाकून पळाले. बघते तर पाय रक्ताने माखलेला, आणि फळ्यांखालून काहीतरी सरकत खोल पाण्यात गेलं. मला आधी वाटलं ओंडका. पण ओंडक्याला शेपूट नसतं.

डॉक्टरने टाके घातले. म्हणाला, दात बघून सांगतो, मासाच आहे, मस्की. मला म्हणे अशी केस आयुष्यात दुसऱ्यांदा मिळाली. मेल्याला मजा वाटत होती.

पाय भरून येईल म्हणाला. पण पोर बिघडलीय रे. ते लाल रबरी बूट आहेत ना तिचे, ते घातलेत ते काढतच नाही. बँडेजवरून घालते. झोपताना बूट, जेवताना बूट. टबात बसत नाही, मी ओल्या फडक्याने पुसून काढते. शनिवारी सौना तापवली, वाफेने खोली भरली, तर ती आत बूट घालून बसली आणि आम्ही तळ्यात उडी मारायला निघालो तर दाराला धरून ओरडायला लागली. तुझी आई म्हणाली, "सत्तर वर्षांची झाले, सौनात बूट घातलेलं माणूस बघायचं राहिलं होतं, तेही झालं."

तिला काय जातंय बोलायला. मी पण त्या दिवशी तळ्यात उतरले नाही. बादलीने अंगावर पाणी घेतलं.

मी सरळ लिहिते. मला धड झोप नाही. डोळे मिटले की ते शेपूट दिसतं. शाळा सुरू व्हायच्या आत हा मासा मेला पाहिजे. नाही मेला तर मी टिलीला घेऊन ओ क्लेअरला बहिणीकडे राहायला जाणार, आणि परत येणार नाही. तिकडे पाणी नळाला येतं. नळातून कोणी चावत नाही.

तू तिकडे बोटीवर लोखंड वाहतोयस. पत्र मिळेल तेव्हा मिळेल.

डार्सी


टू हार्बर्स,
४ जुलै

डार्सी,

पत्र डेट्रॉइटच्या नदीत मिळालं. पोस्टाची होडी खाली आली, आम्ही दोरीने बादली सोडली, त्यात तुझं पत्र. बसून वाच म्हणालीस, मी डेकवर उभ्याने उघडलं. मग बसलो.

टिलीला विचार, बाबा विचारतोय, तुझा पाय गोड लागला का खारट, ते माशाने सांगितलं का? हसली तर मला कळव.

मला रजा ऑक्टोबरशिवाय नाही. कप्तानाला विचारून बघितलं. तो म्हणाला, माझ्या बायकोला अस्वलाने चावलं असतं तरी मी गेलो नसतो. त्याची बायको मी बघितलीय, अस्वलच जवळ गेलं नसतं.

तेव्हा हे काम तुझ्यावर आलं. घाबरू नकोस, मी सांगतो तसं कर. गॅरेजच्या भिंतीवर माझे ग्लायडर टांगलेत. वीतभर लाकडी मासे, पोटात शिसं घातलेलं, प्रत्येकाखाली तीन तोंडांचे दोन गळ. त्यातला हिरवा घे. आखूड जाड रॉड घे. दोरी आणि ग्लायडरच्या मधे ती ताठ तार लाव, लवचिक नको, नाहीतर गळ तारेतच अडकून बसतील. आणि मस्कीच्या दाताला नुसती दोरी म्हणजे शेवई.

लांब फेक. थोडा बुडू दे. मग रॉडचं टोक पाण्याकडे झुकवून टिचकी मार. ओढू नकोस. टिचकी मार. म्हणजे तो एका बाजूला घसरत जातो. परत टिचकी, दुसऱ्या बाजूला. डावीकडे, उजवीकडे. एखादा मासा दुखणाईत असला की कसा वाट चुकल्यासारखा जातो, तसा. मस्कीला ते बघवत नाही.

एवढी मोठी म्हणजे मादीच. आणि तिला मी ओळखतो बहुतेक.

ओ क्लेअरचं काही ठरवू नकोस.

तुझा आर्विड


काउबेल तळं,
१४ जुलै

आर्विड,

तुझा हिरवा ग्लायडर घसरत बिसरत काही नाही. सरळ येतो, काठीसारखा. रोज संध्याकाळी फेकतेय. पहिल्या दिवशी माझ्याच स्वेटरमध्ये गळ अडकला. दुसऱ्या दिवशी वाळत घातलेल्या तुझ्या पँटमध्ये. ती पँट आता विसर.

तुझी आई खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसते आणि तोंड चालू. "मासा धरतेयस का गाय ओढतेयस?"

म्हटलं, "आई, तुम्हाला येत असेल तर दाखवा."

"मला कशाला यायला हवं? नवऱ्याला येत होतं. मी तळायचं काम केलं."

मी टिचकीच मारतेय रे! मारते आणि परत गुंडाळते, मारते आणि गुंडाळते. मग?

आणि हसू नकोस, मी धक्क्याच्या टोकाला जात नाही. मधेच उभी राहते. पायात माझे पण बूट असतात. टिली वर पायरीवर बसून बघते, तिथून खाली येत नाही. तुझा गोड-खारटचा विनोद सांगितला. हसली नाही. म्हणाली, "बाबाला सांग, त्याने विचारलं नाही, सरळ चावला."

डार्सी


सू सेंट मरी,
२१ जुलै

डार्सी,

चुकलो मी, अर्धंच लिहिलं. टिचकी मारली की लगेच दोरी सैल सोडायची. तू मारून ताणून धरतेस, मग तो बिचारा घसरणार कुठे? दोरी ढिली पडली तरच तो आपला आपण बाजूला जातो. आणि गुंडाळायची ती नुसती ढिली झालेली दोरी. त्याला ओढायचं नाही. मोकळा सोड, मग बघ.

दुसरं. मस्की मागेमागे येते, पण तोंड घालत नाही. अगदी तुझ्या पायापर्यंत येते आणि बघत राहते. तेव्हा ग्लायडर बाहेर काढायचा नाही! रॉडचं टोक पाण्यात खुपस आणि आठाचा आकडा काढ. दोन मोठी वाटोळी, एकमेकांना चिकटलेली. वळणावर ती घेते. निम्म्या मस्की आठातच मिळतात. पण त्याला टोकावरच उभं राहावं लागतं. मधे उभी राहून आठ निघत नाही.

तिसरं. आईला विचार, मासे कुठे साफ करतेस आणि मुंडकी कुठे टाकतेस. माझ्या मनात एक शंका आहे.

टिली म्हणाली ते बरोबर आहे. पण तिने ते बोलून दाखवलं, हे मला हसण्यापेक्षा बरं वाटलं.

आर्विड


काउबेल तळं,
१ ऑगस्ट

आर्विड!!

दिसली! मला दिसली! घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

क्रमाने सांगते. तुझं पत्र आलं त्या दुपारी मी टिलीला झोका देत होते. झोक्याला धक्का दिला की आपण हात सोडतो ना? धरून ठेवला तर झोका जाईल कुठे? तिथेच टाळकं उघडलं माझं. टिलीला झोक्यावर तशीच सोडून धक्क्यावर पळाले. टिचकी, सोड. टिचकी, सोड. आणि आर्विड, तो गेला! डावीकडे हातभर गेला, वळला, उजवीकडे गेला! मी एकटीच ओरडले. तुझ्या आईला वाटलं मला पण चावलं.

मग मी दोन दिवस स्वयंपाक नीट केला नाही. उकडलेले बटाटे आणि लोणी, दोन्ही वेळा. तुझी आई म्हणाली, "घरात बाई होती, आता कोळी आलाय."

काल ढग होते, पाणी काळं. मी टोकाला गेले. हो, टोकाला. बूट घट्ट ओढून घेतले आणि गेले. ग्लायडर लव्हाळ्यापलीकडे टाकला. टिचकी, सोड. अर्ध्यात आला आणि मागचं पाणी फुगलं. नुसतं फुगलं, आवाज नाही. आणि मग ती. तो हिरवा ग्लायडर डावीकडे गेला की तिचं डोकं डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. शेजारणींचं भांडण बघावं तशी. माझ्या पायाखाली आली. डोळा दिसला मला. पिवळा.

आणि मी काय केलं सांगू? रॉड वर उचलला आणि मागे पळाले. पार पायरीपर्यंत.

टिली वर बसलेली. म्हणाली, "आई, बाबाने आठ काढायला सांगितलं होतं." पोरगी पत्र ऐकून बसलेली असते.

मुंडक्यांचं विचारलं. तुझी आई लाल झाली. "कुठे म्हणजे? धक्क्यावरून पाण्यात! तुझा सासरा पण तिथेच टाकायचा. आजवर कोणाला चावलं नाही." म्हटलं, "आई, तुम्ही तिला रोज ताट वाढलंत, आता ती टेबलावर येऊन बसलीय." खुर्ची उचलून आत गेली. पण आज सकाळी बघितलं तर मुंडकी बटाट्याच्या वाफ्यात पुरत होती. मला बघून म्हणाली, "बटाट्यांना खत लागतं. तुझ्या सांगण्यावरून नाही करत."

त्या मस्कीला मारणारच मी. पण काय सांगू, काय चालते रे ती पाण्यात!

डार्सी


डुलुथ,
१० ऑगस्ट

डार्सी,

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. इंजिनवाल्याने दोनदा ऐकलं. आठ का नाही काढलास म्हणून स्वयंपाकी तुझ्यावर चिडलाय.

पिवळा डोळा, लव्हाळ्यापलीकडून आली, म्हणजे तीच. माझ्या बाबाच्या हातून सुटली होती, माझ्या हातून दोनदा सुटलीय. डार्सी, एक ऐक. तिला सोड, मी येईपर्यंत. ती माझी आहे. म्हणजे, तुला ऑक्टोबरपर्यंत घरातच बसून राहता येणार नाही का? पाण्याजवळ जाऊच नका दोघी.

आणि समजा तुझ्याच गळाला लागली, तर मारू नकोस. मी मारणार नव्हतो. बाबाही सोडायचा. गळ निघत नसेल तर जाड तार तोडायची पक्कड आहे, ती गळही तोडते. मासा पाण्यातच ठेवायचा. पोटाखाली एक हात, आणि शेपटीजवळ दुसरा. आवळायचं नाही, नुसतं धरायचं, ती दम घेईपर्यंत. कधी सोडायचं ते आपण ठरवत नाही. ती जाते तेव्हा जाऊ द्यायची.

भिंतीवरच्या करड्या ग्लायडरला मात्र हात लावू नकोस. ज्याच्यावर दातांच्या खुणा आहेत तो. बाबाने कोरलेला शेवटचा आहे. तो माझ्यासाठी ठेव.

आर्विड


काउबेल तळं,
१९ ऑगस्ट

आर्विड,

पत्र पोचलं.

तुझी आहे म्हणे! टाके तुझ्या पायाला पडलेत का? घरात बस म्हणतोस. बरं. तू बोटीवरून पाण्याकडे बघू नकोस, जमतंय का बघ.

मारणार की सोडणार ते माझं मी बघेन. सासऱ्यांचा सोटा धक्क्यावर आणून ठेवलाय.

सोळा तारखेला आठ काढला. पुरा काढला! आली, वळणावर तोंड उघडलं, आणि मीच घाबरून झटका दिला. तिच्या तोंडासमोरून ओढून घेतला. टिचकी मार, ओढू नकोस, तूच लिहिलं होतंस. रडले मी तिथे बसून. मग आठवलं की पाय खाली सोडून बसलेय, आणि ताडकन उठले.

आता ती हिरव्याकडे बघत नाही. ओळखून आहे.

टिलीने एक शोध लावलाय. ती म्हणाली, "आई, तिला मी नको होते. तिला माझी नखं हवी होती." तेव्हा पायाची नखं गुलाबी रंगवलेली होती तिची. आणि धक्क्यावर बसून पाय कसे हलवते माहीत आहे ना तुला? एक डावीकडे, जरा थांबून एक उजवीकडे. अगदी ग्लायडरसारखे!

करड्याबद्दल लिहिलंयस ते वाचलं. बरं.

डार्सी


(पोस्टकार्ड)
गॅरी, २६ ऑगस्ट

बरं म्हणजे काय? करड्याला काय झालं? आ.


काउबेल तळं,
१ सप्टेंबर

आर्विड,

करडा गुलाबी झाला.

ओरडू नकोस, पुढे वाच. तुझं पत्र यायच्या आधीच टिलीने भिंतीवरचे सगळे ग्लायडर खाली मांडले होते. नखांच्या रंगाची बाटली घेऊन बसली. म्हणाली, करडाच हवा, त्याला पण चावलंय. मी आईंना म्हटलं, "तुम्ही तरी थांबवा, त्यांच्या हातचा आहे." तुझ्या आईने तो हातात घेतला, खुणांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "रंगव गं. तुझ्या आजोबाला रंग कळतच नव्हते. लग्नात मला हिरव्या कपड्यात बघून म्हणाला होता, लाल शोभतो तुला." आणि स्वतः बाटलीचं टोपण उघडून दिलं.

शेपटीपासून डोळ्यापर्यंत गुलाबी. चमचम. मी हसून हसून बेजार. पण टबात टाकून बघितला तर सुंदर. रंगाने जरा जड झालाय, हळू घसरतो. जणू विचार करत.

काल संध्याकाळी वारा पडला. मी टोकाला. आई खुर्चीत, मांडीवर सोटा. टिली पायरीवर, बूट घालून. पहिली फेक काही नाही. दुसरी काही नाही. तिसरीला टिचकी मारली, सोडली, तो गुलाबी ठिपका संथ वळला, आणि त्याच्या मागे पाणी फुगलं.

"आली," टिली म्हणाली. वरून तिला आधी दिसली.

पायाशी आणला. टोक पाण्यात घातलं. एक वाटोळं. ती मागे. दुसरं वाटोळं. ओढलं नाही मी, आर्विड! वळणावर जरा सैल सोडलं. आणि तिने घेतलं. असं घेतलं की रॉड मुठीपर्यंत पाण्यात गेला!

मग काय झालं ते मला धड आठवत नाही. रीळ किंचाळत होतं, तुझी आई किंचाळत होती, "धर! सोड! अगं धर!" ती लव्हाळ्यात गेली, परत आली, एकदा अख्खी हवेत उडाली. टिलीच्या शेजारी उभी केली असती तर टिलीपेक्षा उंच भरली असती. धक्क्याच्या बाजूला आणली तेव्हा कळलं, जाळी होडीत, आणि होडी पलीकडे बांधलेली. आईंचे गुडघे वाकत नाहीत.

मी उडी मारली.

बुटांसकट, स्कर्टसकट, कमरेएवढ्या पाण्यात. ज्या पाण्यात मी जूनपासून बोट घातलं नव्हतं. रॉड धक्क्यावर फेकला, एका हाताने तार धरली, एक हात तिच्या पोटाखाली. आई वरून सोटा पुढे करून म्हणाल्या, "घे. घाल डोक्यात."

मी हात पुढे केला होता. खोटं कशाला लिहू? सोट्याला बोटं लागली होती माझी.

तेवढ्यात शेजारी धपकन आवाज झाला. टिली. पक्कड घेऊन. पाणी तिच्या छातीपर्यंत, बूट भरलेले, चालता येईना, तर तिने एक बूट लाथेने काढला, मग दुसरा. तरंगत गेले दोन्ही. तिने माशाच्या तोंडात वाकून बघितलं. गळाने ओठ फाटला होता.

"आई," ती म्हणाली, "हिला पण टाके घालावे लागतील."

मी सोटा सोडला. आई वरून म्हणाल्या, "मग मी कशाला धरून बसलेय हे लाकूड इतका वेळ?" आणि नाक पुसलं.

पक्कड टिलीने दोन्ही हातांनी दाबली, मी वरून दाबली. गळ तुटला. गुलाबी ग्लायडर सुटून वर आला. मग मी म्हटलं, "शेपटीजवळ धर. आवळू नकोस." टिली म्हणाली, "माहीत आहे. ती जाते तेव्हा जाऊ द्यायची." किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. पोरीचे ओठ निळे पडले, मी म्हटलं, "बाहेर ये, मी धरते." नाही म्हणाली. मासा श्वास घेत होता आणि ती मोजल्यासारखी त्याच्याबरोबर श्वास घेत होती. मला तिला उचलून बाहेर काढायचं होतं. हात पुढे केला आणि मागे घेतला.

मग शेपूट एकदा हललं. टिलीने बोटं उघडली. गेली ती. घाई नाही केली, आपल्या घरातून चालत जावं तशी गेली.

आईंनी सौना तापवली, शनिवार नव्हता तरी. अंग लाल होईपर्यंत बसलो तिघी. मग दार उघडलं आणि टिली माझ्या आधी पळाली. मी मागून ओरडले, "टिली, थांब!" थांबते कसली! धक्क्याच्या टोकावरून उडी.

मी तिच्या मागोमाग. थंड होतं रे पाणी!

ओ क्लेअरच्या बहिणीला कार्ड टाकलंय, नाताळला भेटू म्हणून. करड्याचा रंग निघेल, आई म्हणतात टर्पेंटाइनने. पण मी काढणार नाही, तू आलास की तूच बघ. त्याच्यावर आता नवीन दात उमटलेत, सासऱ्यांच्या खुणांच्या शेजारी.

लाल बूट सकाळी लव्हाळ्यात सापडले. पाणी ओतून धक्क्यावर उलटे ठेवलेत. केव्हाच वाळले. कोणी मागितले नाहीत.

डार्सी